एक तास आईचा



पाच महिन्यांनी या जागी तुम्हांला भेटते आहे. मधल्या काळात तुमची पत्रं येत होती. "ताई, कुठं गेलात?" असं कितीजणींनी विचारलं. कुठं जाणार? आषाढात तिकडे माउलींची पालखी फलटणच्या वाटेला लागली आणि इकडे माहेरी माझ्या मांडीवर आमची छकुली आली. आता शिवारात शाळू पोटरीला आला आहे, आणि हे लिहिताना छकुली शेजारच्या दुपट्यावर पालथी पडून स्वतःच्या मुठीशी भांडते आहे. मूठ तोंडात जात नाही म्हणून राग, आणि गेली की मग आणखी राग!

लहान मूल घरात आलं की आनंद काही सणासारखा वाजतगाजत येत नाही, तो चिमूटचिमूट येतो. सकाळी गोठ्यात गाईनं मान हलवली की घंटा वाजते आणि छकुली दूध प्यायची थांबून कान देते. अंघोळीनंतर तिच्या मानेच्या वळीत पुसताना ती खांदे वर करून हसते. तिचे बाबा शेतातून आले की हातपाय धुऊन आधी तिच्याकडे जातात. यांना अंगाई येत नाही. हे आपले कापणीच्या वेळची भलरी म्हणतात, तीही खड्या आवाजात. पोर दचकेल म्हणून मी ओरडायची, पण ती त्या भलरीवरच झोपते! सातव्या आठवड्यात ती पहिल्यांदा ओळखीचं हसली ते माझ्याकडं बघून नव्हे, यांच्या खांद्यावरच्या टॉवेलकडं बघून. मी दोन दिवस रुसले होते.

हे सगळं गोड गोड वाचून तुम्हांला वाटेल, ताईंचं बरं चाललं आहे. आज चाललं आहे खरं. पण सुरुवातीचे दिवस तसे नव्हते आणि ते लपवून नुसतीच गोड हकिकत सांगितली, तर आत्ता कुणी एखादी बाळंतीण खोलीत तोंड झाकून रडत असेल, तिच्याशी ती लबाडी होईल.

मी रडत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरुवात झाली. बाळ गोरंगोमटं, दूध भरपूर, आई उशाशी, आजी पायाशी. दुःख म्हणावं तर एकही नाही. तरी डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, "अगं, लक्ष्मी आली घरात आणि रडतेस काय? दृष्ट लागेल." मग मी लोकांसमोर हसायची आणि रात्री रडायची. बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती. बाळाकडं बघितलं की माया यायच्या आधी भीती यायची. माझ्या हातून हिचं काही होणार नाही, असं वाटायचं. आणि असं वाटणारी मी एकटीच वाईट आई या जगात आहे, असंही वाटायचं.

चौदाव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्यांनी बाळाचं वजन घेतलं, नाळ बघितली, ताप पाहिला. मग पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "बाळाचं झालं. आता तू कशी आहेस, सांग." इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारत होते ते बाळाचं. मी जी रडायला लागले ती थांबेचना.

आशाताईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात मन हळवं होणं, उगाच रडू येणं, हे पुष्कळजणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण त्यापुढं टिकलं, झोप उडाली, जेवण तुटलं, बाळाकडं बघावंसं वाटेना किंवा नको नको ते विचार येऊ लागले, तर तो नखरा नाही, आजार आहे. जसा ताप, तसाच हा. त्याला औषध आहे, उपचार आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधंही डॉक्टर देऊ शकतात. आणि जिवाचं बरंवाईट करावं किंवा बाळाला काही करावं असं मनात आलं, तर दिवस मोजत बसायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

आणखी आठवडा गेला तरी मला उतार नव्हता. मग आईनं मला तालुक्याला डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी घाई न करता ऐकून घेतलं, रक्त तपासलं. रक्त कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. दर आठवड्याला येऊन बोलत जा म्हणाल्या. रात्रीचं एक तरी सलग झोपेचं सत्र हिला मिळालंच पाहिजे, असं आईला बजावलं. जिला दवाखान्यात जाणं जमत नाही तिनं १४४१६ हा नंबर लिहून ठेवावा. २०२२ पासून सुरू झालेली सरकारची ही सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलतात.

आता आजीची गोष्ट. आजीला आजाराचं नाव कळलं नाही, पण नात कळली. दवाखान्यातून आल्यावर तिनं दुपारी बाळ आपल्या मांडीवर घेतलं, माझ्यापुढं तिचं जुनं इरकल लुगडं टाकलं, वर सुई-दोरा ठेवला आणि म्हणाली, "पोरी, डोकं जाग्यावर न्हाई तर न्हाई, हात तरी जाग्यावर ठेव. लगीन व्हायच्या आधी वाकळा शिवायचीस न्हवं? मग शीव."

सुईनं आजार बरा झाला असं मी म्हणत नाही. उपचार डॉक्टरबाईंचा. पण दिवसातला तो एक तास माझा होता. त्या तासात मी कुणाची आई नव्हते, कुणाची सून नव्हते. हातांना येत असलेलं एक काम मी करत होते, आणि ते संध्याकाळी डोळ्यांना दिसत होतं. रोज चार बोटं पुढं सरकत होतं.

तुमच्याकडे गोधडी म्हणत असाल, आमच्याकडे वाकळ. बाळाची ती दुपटं. ज्यांना शिवायचं असेल त्यांच्यासाठी आजीची रीत सांगते. दोन जुनी सुती लुगडी किंवा साड्या घ्यायच्या, नवी नकोत. शंभर धुण्यांत जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही. कापड गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचं. दीड हात लांब, सव्वा हात रुंद असे तीन-चार थर एकावर एक जमिनीवर अंथरायचे, सुरकुती काढायची आणि लांब लांब कच्चे टाके घालून ते पक्के बसवायचे. मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्यावर यायचं. म्हणजे कापड गोळा होत नाही. दोऱ्याची गाठ थराच्या आत लपवायची, बाळाच्या अंगाला लागता कामा नये. टिकल्या, बटणं, आरसे काही लावायचं नाही. रेशमासारखं दिसणारं सिंथेटिक कापड तर मुळीच नको. त्यात घाम मुरत नाही आणि ठिणगी पडली तर ते अंगाला चिकटतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बसताना सुया मोजायच्या आणि उठताना मोजायच्या. आजी ऐंशी पार झाली, पण अजून मोजते. आणि दुपटं बाळाच्या अंगाखाली. बाळाला उताणं निजवायचं, तोंडावर पांघरूण घ्यायचं नाही, उशी द्यायची नाही.

दुपटं पूर्ण झालं तेव्हा उलगडून बघितलं. धावदोऱ्याच्या ओळी नांगराच्या तासांसारख्या दिसत होत्या. आपल्या भाषेत घड्याळाचाही तास आणि नांगराचाही तास, हे मला त्या दिवशी सुचलं. रोजचा एकेक तास घातला आणि वाकळेचं रान नांगरून झालं!

याच सुमारास डहाणूला शिक्षिका असलेल्या आमच्या वन्सं बाळाला बघायला आल्या. बाळंतविड्यात झबली-टोपडी होतीच, पण बरोबर एक कापडावरचं वारली चित्र होतं. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा, मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळं धरून नाचणारी माणसं. मी ते पाळण्याजवळच्या भिंतीला लावलं. दीड महिन्याची छकुली दूध पिऊन झालं की त्या चित्राकडं एकटक बघायची. मला वाटलं, पोर मोठी कलावंत होणार! डॉक्टरबाईंनी हसून खरं कारण सांगितलं. जन्मलेल्या बाळाला साधारण एक-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढंच. पुढं हळूहळू नजर लांब जाते. आणि फिक्या रंगांपेक्षा गडदावर पांढरं असं ठसठशीत काही असेल तर ते त्याच्या डोळ्यांत आधी भरतं. म्हणून फुगे आणि रंगीत कागद बाजूला ठेवा. आईच्या लुगड्याचा काठसुद्धा बाळाला चित्रच असतो.

वन्संनी त्या चित्राची हकिकत सांगितली ती मला फार आवडली. पालघरकडच्या वारली घरांत लग्न असलं की गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं लग्नाचा चौक काढतात. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यांतून माणसं, गुरं, झाडं, सगळं शिवार उभं राहतं. चौकात पालघट देवी असते. आणि हा चौक काढण्याचा मान सवाशिणींचा. पुढं जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, ती जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. पण त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या ज्या बायकांनी भिंती रंगवल्या, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली? त्यांनाही लेकरं होतीच की. कुणी पाठीशी बांधलेलं, कुणी झोळीत. तरी त्यांनी काडी खाली ठेवली नाही.

आपल्या बहिणाबाई चौधरींचंच बघा. जळगावजवळच्या असोद्याच्या शेतकऱ्याच्या लेकी. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम, मुलंबाळं, आणि जातं फिरवता फिरवता ओव्या रचणं, सगळं एकाच जन्मात. मुलानं आणि नात्यातल्या माणसांनी त्यातलं थोडं टिपून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्या! गावोगाव फिरून अभ्यासकांनी गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्या बायकांना काय मोकळा वेळ होता? आपण मात्र मूल झालं की म्हणतो, "आता कसली रांगोळी नि कसलं गाणं, ते दिवस गेले." आणि सुई, रंग, पेटी, जे काही असेल ते ट्रंकेत घालून कुलूप लावतो. मीही लावणारच होते.

असो. दसऱ्याला मी छकुलीला घेऊन सासरी आले. आमच्या सोमवारच्या बाजाराला हिला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवून जाते. थोडक्या पैशांत मिळालेल्या काही गोष्टी तुम्हांला सांगते, उपयोगी पडतील.

कटपीसवाल्याकडं मलमल निघाली, तीन मीटर घेतली. त्याचे त्रिकोणी लंगोट घरीच शिवले. रंगीत कापड असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघायचा. रुमाल रंगला तर कापड परत. शिंपीदादांकडून सुती चिंध्यांची पिशवी फुकटच मिळाली, त्यात पुढच्या दोन वाकळांचे तुकडे आहेत. सुई ढकलायला बोटात घालायची पितळी टोपी वीस रुपयांत मिळाली. तिच्यावाचून बोटाची चाळण झाली होती. एक लहान स्टीलची वाटी आणि गोल कडेचा चमचा घेऊन ठेवला आहे, कारण सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण! तोवर फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. आजीनं गुटीची सहाण काढली होती, पण आशाताईंनी समजावल्यावर "बरं बाई, तुमच्या काळाचं शास्त्र तुम्हांला ठाऊक," म्हणून तिनं त्यावर माझ्यासाठी चंदन उगाळलं! काजळही डोळ्यांत घालत नाही. आत्याबाईंच्या समाधानाला तळपायावर एक ठिपका असतो.

खेळण्यांत सगळ्यांत आवडता तो कातलेल्या लाकडाचा, बिनरंगाचा खुळखुळा. साठ रुपये पडले. सावंतवाडीला कधी गेलात तर चितार आळीत जरूर डोकवा, तिथली लाकडी फळं मोठ्या मुलांना फार छान. पण बाळ प्रत्येक वस्तूची चव घेतं, म्हणून रंग सुटतो का ते बघा, तुकडा निघतो का ते ओढून बघा. जे आख्खं तोंडात मावेल ते बाळाच्या हाती देऊ नका. कारखान्यातलं खेळणं असेल तर त्यावर आय.एस.आय.ची खूण हवी. १ जानेवारी २०२१ पासून तसा नियमच आहे.

आणि एक फसलेली खरेदी. ती यांची! ऊस गेला त्या आनंदात हे चाकांचा प्लॅस्टिकचा वॉकर घेऊन आले, तोही पाच महिन्यांच्या पोरीला. मी डॉक्टरबाईंना विचारलं तर त्यांनी हातच जोडले. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट डोळ्याचं पातं लवतं तोवर पायरीवरून खाली किंवा चुलीपाशी जातं. कॅनडा देशानं तर २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. आता त्याची चाकं काढून आत्याबाई त्यात कांदे ठेवतात. मूल धरून उभं राहू लागलं की आपला लाकडी पांगुळगाडा पुरे, तोही माणूस जवळ असताना.

शेवटी एक गोष्ट सांगते, तीच खरं तर आजची गोष्ट.

सासरी आल्यावर माझा तो दुपारचा तास कसा मागावा, हे मला कळत नव्हतं. घरात कामं काय कमी असतात? दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा छातीत तेच जड जड वाटायला लागलं. मग धीर करून आत्याबाईंना सगळं सांगितलं. माहेरचं रडणं, दवाखाना, आजीची सुई, सगळं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

त्या ट्रंक उघडून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यात अर्धवट शिवलेलं दुपटं होतं. हे पोटात असताना त्यांनी घातलेलं, चौतीस वर्षांपूर्वीचं. एक कोपरा शिवून झालेला आणि पुढं सुई तशीच टोचलेली. ती गंजून कापडाला धरली होती, भोवती तांबूस डाग पडला होता. "मला बी असंच व्हायाचं," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगणार? म्हटलं, पुढं सवड मिळंल तवा शिवू. पुढं सवडच मिळाली न्हाई."

आता आमच्या घरी दुपारी दोन ते तीन छकुली तिच्या बाबांकडं असते. हे जेवायला घरी येतात, तेव्हा तासभर तिला खांद्यावर घेऊन अंगणात भलरी म्हणत फिरतात. आणि आम्ही सासू-सुना ओसरीवर बसून ते चौतीस वर्षांचं दुपटं पुरं करतो आहोत. गंजलेली सुई काढली, डाग तसाच ठेवला आहे. बसताना आणि उठताना सुया मोजतो. उष्टावणापर्यंत पुरं होईल असं दिसतं.

घरात बाळंतीण असेल तर मामंजींनी, सासूबाईंनी, दीर-नणंदांनी आणि बाळाच्या बाबांनी बाळाला अंगडी-टोपडी जरूर आणावीत. पण बाळाच्या आईला विचारा, "तू कशी आहेस?" आणि रोजचा एक तास तिला द्या. त्या तासात ती शिवेल, गाईल, रांगोळी काढील नाहीतर नुसती झोपेल. काय करायचं ते तिचं तिला ठरवू द्या. बाजारात हे विकत मिळत नाही.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या ट्रंकेत काय अर्धं राहिलं आहे, ते मला कळवा. छकुली उठली. आता थांबते.